सतरावा क्रमांक आणि बिल्बाओची रात्र

टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या फुटबॉल क्लबचा पाठीराखा असणे म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. ज्या पेठेत राहायचे तिथल्या तालमीचे, म्हणजे तिच्या फुटबॉल संघाचे, व्हायचे, ती हरली म्हणून दुसरीकडे जायचे नाही, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आपल्या संघाला आपणच मनसोक्त नावे ठेवली तरी परक्याने ठेवलेली खपवून घ्यायची नाहीत, असा तिथला रिवाज आहे. २००६ साली नोकरीनिमित्त लंडनला आलो तेव्हा भाड्याची खोली टॉटनहॅम हाय रोडपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मिळाली आणि पेठ आपोआप ठरली. फेब्रुवारी २००८ मध्ये क्लबने लीग कप जिंकला आणि एप्रिलमध्ये आमच्या सईचा जन्म झाला. त्यानंतर मात्र एकही चषक आला नाही, त्यामुळे क्लबने काही जिंकलेले पाहणे ही तिच्या दृष्टीने आईबाबांनी सांगायच्या गोष्टींपैकी एक होती.

२०२४-२५ च्या हंगामाने तर कहर केला. प्रीमियर लीगमधल्या ३८ सामन्यांपैकी २२ आम्ही हरलो आणि ३८ गुणांवर सतराव्या क्रमांकावर राहिलो. त्याखाली फक्त खालच्या श्रेणीत गेलेले तीन संघ होते, आणि त्यांतल्या इप्सविच व लेस्टर या दोघांनी आम्हाला आमच्याच मैदानावर हरवले होते. त्याच संघाने युरोपा लीगची, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालोखालच्या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली. हा अंतिम सामना २१ मे रोजी स्पेनच्या बास्क प्रांतात, बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर होता, आणि समोर होता मँचेस्टर युनायटेड, ज्याचा लीगमधला क्रमांक तेव्हा आमच्याहून एकच पायरी वर होता. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी या सामन्याची जी टिंगल केली ती पाहता घरी बसून राहणे शक्यच नव्हते.

सोमवार, १९ मे : बोर्दो, आँदाय, सान सेबास्तियान

उपांत्य फेरीचा निकाल ८ मेच्या रात्री लागला आणि अंतिम सामन्याला जेमतेम दोन आठवडे उरले. तिकिटे क्लबच्या निष्ठागुणांच्या, म्हणजे नेहमी सामन्यांना येणाऱ्यांना मिळणाऱ्या गुणांच्या, यादीतून मिळाली. बिल्बाओमधली खोली मी मार्चमध्येच, केवळ वेड्या आशेने, आरक्षित करून ठेवली होती. उपांत्य सामन्यानंतर दोन दिवसांत त्या हॉटेलने ‘तांत्रिक कारण’ सांगून आरक्षण रद्द केले आणि तीच खोली संकेतस्थळावर कितीतरी पट भावाने पुन्हा दिसू लागली. तक्रार केली, पैसे परत आले, खोली आली नाही. आमच्यासारखे शेकडो जण त्या आठवड्यात सान्तान्देर, व्हितोरिया, सान सेबास्तियान अशा आसपासच्या शहरांत पांगले. आम्हाला सान सेबास्तियानमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरातली खोली मिळाली, आणि मागे वळून पाहता ते बरेच झाले.

लंडनहून बिल्बाओच्या विमानांचे दर सोन्याच्या भावाशी स्पर्धा करत असल्याने आम्ही बोर्दोला उतरलो, तिथून फ्रान्सच्या रेल्वेने सीमेवरच्या आँदाय गावापर्यंत आलो आणि पुढे ‘तोपो’ नावाच्या छोट्या बास्क रेल्वेने सान सेबास्तियान गाठले. ही गाडी साधारण दर अर्ध्या तासाने सुटते आणि तिचे आरक्षण करावे लागत नाही. आँदायला दोन्ही स्थानके अगदी लागून आहेत, तेव्हा सामान फार ओढावे लागत नाही.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा सामन्यांची तारीख आधी कळते, पण आपला संघ तिथे पोहोचणार की नाही हे ऐनवेळी कळते, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक असलेला शेंगेन व्हिसा दोन आठवड्यांत मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. माझ्याकडे एप्रिलमधल्या फ्रँकफुर्टच्या सामन्यासाठी काढलेला, अनेकवार प्रवेशाचा व्हिसा होता म्हणून निभावले. सईचा पासपोर्ट ब्रिटिश असल्याने ती या सगळ्याकडे तटस्थ कुतूहलाने पाहत होती.

बोर्दोहून निघालेल्या गाडीत आमच्या समोर एक इंग्रज गृहस्थ येऊन बसले. वय सत्तरीच्या पुढे, अंगात साधा राखाडी स्वेटर, आणि गळ्यात धुऊन धुऊन विटलेला निळा-पांढरा मफलर. तो मफलर १९८४ सालचा होता. क्लबने युरोपातला शेवटचा चषक जिंकला तो त्या वर्षी, आणि २३ मे १९८४ च्या रात्री हे गृहस्थ जुन्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर उभे होते. बेल्जियमच्या अँडरलेख्तविरुद्ध यूएफा कपच्या, म्हणजे आताच्या युरोपा लीगच्या, अंतिम फेरीचा तो दुसरा सामना होता. दोन्ही सामने एक-एक असे बरोबरीत सुटले आणि निकाल पेनल्टींवर गेला. आमच्या डॅनी थॉमसला निर्णायक पेनल्टी मारून चषक जिंकून देण्याची संधी होती आणि ती त्याने दवडली. तो मान खाली घालून मध्यरेषेकडे परतत असताना सारे मैदान त्याच्याच नावाचा गजर करू लागले. पुढची पेनल्टी गोलरक्षक टोनी पार्क्सने अडवली आणि चषक आमचा झाला. “पार्क्सने चेंडू अडवला ते सगळ्यांना आठवतं,” ते म्हणाले, “मला मात्र थॉमस चालत येत होता तेव्हाचा आवाज आठवतो.” सईने विचारले, “आजोबा, या वर्षी तुम्ही आपल्या खेळाडूंना शिव्या दिल्या की नाही?” तिने हे इंग्रजीत विचारले, पण ‘आजोबा’ मराठीत म्हणाली आणि त्याचा अर्थही त्यांना सांगितला. ते खळखळून हसले आणि म्हणाले की जानेवारीत लेस्टरने हरवले त्या दिवशी त्यांनी बसची वाट न पाहता रागारागाने चालत घर गाठले होते.

मग अर्थातच सबंध हंगामाची उजळणी झाली. सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून हरल्यावर आमचे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांनी दूरचित्रवाणीवर ठासून सांगितले होते की आपण कुठल्याही क्लबच्या दुसऱ्या वर्षी काहीतरी जिंकतोच. त्या वाक्याचे पुढे आठ महिने पोस्टमॉर्टेम झाले. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीला त्यांच्या घरी चार-शून्य धूळ चारली, आणि त्याच सामन्यात गोलरक्षक व्हिकारियोचा घोटा मोडला. पाठोपाठ रोमेरो आणि व्हॅन डी व्हेन हे दोन्ही मध्य बचावपटू जायबंदी झाले आणि अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, जो मुळात मध्यरक्षक, त्याला बचावफळीच्या मधोमध उभे करावे लागले. डिसेंबरमध्ये लिव्हरपूलने आमच्या घरी सहा गोल केले. एवढे होऊनही प्रशिक्षकांनी बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे ढकलून खेळायचा हट्ट सोडला नाही. मला त्या हट्टाचे कौतुकही वाटायचे आणि संतापही यायचा.

युरोपमधला संघ मात्र हळूहळू निराळा होत गेला. साखळीत चौथे स्थान मिळाल्याने एक फेरी वाचली. नेदरलँड्सच्या अल्कमारकडे पहिला सामना एक-शून्य हरलो, पण परतीचा तीन-एक जिंकलो. फ्रँकफुर्टविरुद्ध घरी एक-एक अशी बरोबरी झाली. परतीच्या सामन्याला मी तिथे होतो. सोलांकीने पेनल्टीवर गोल केला आणि उरलेला वेळ आमच्या संघाने, ज्याला आघाडी टिकवता येत नाही असे सगळे जग म्हणत होते, ती अगदी शिस्तीने टिकवली. मग नॉर्वेचा बोडो-ग्लिम्ट, ज्याचे मैदान उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे आणि तेही कृत्रिम गवताचे. घरी तीन-एक, तिथे दोन-शून्य. माझ्या मते हा हंगाम फिरला तो फ्रँकफुर्टच्या त्या रात्री. तिथून पुढे गुरुवारचा, म्हणजे युरोपमधला, संघ आणि रविवारचा, म्हणजे लीगमधला, संघ हे दोन वेगळे संघ होते. रविवारी प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन सामने जवळपास सोडून दिले जात होते, आणि खालचे तिघे इतके मागे पडलेले होते की ते परवडतही होते. ‘आजोबां’ना हे पटले नाही. लीगचे सामने सोडून देणाऱ्या क्लबला चषकाचा अभिमान मिरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आँदाय आले तरी आमचा वाद मिटला नव्हता.

मंगळवार, २० मे : सीमेजवळचे शहर आणि लटकता पूल

सकाळी पाऊस नव्हता, पण हवेत बारीक तुषार होते आणि ला काँचाच्या अर्धवर्तुळाकार किनाऱ्यावर लोक छत्री न उघडता निवांत फिरत होते. घरमालकीणबाईंनी आम्हाला जुन्या भागातल्या ला व्हिन्या या बारमधला चीजकेक खाल्ल्याशिवाय शहर सोडू नका असे बजावले होते. वरून करपल्यासारखा काळपट, आतून जवळजवळ वाहणारा असा तो असतो आणि एका थाळीत दोन तुकडे येतात. सईने माझ्यासमोरचा तुकडाही संपवला.

शाकाहारी वाचकांसाठी सांगतो. बास्क प्रदेशातल्या बारमध्ये ‘पिंचोस’ म्हणजे पावाच्या कापांवर किंवा काडीला टोचून मांडलेले छोटे पदार्थ खायचे असतात, आणि त्यांतले बहुतेक मासळीचे किंवा हॅमचे असतात. हिरव्या मिरचीच्या आणि ऑलिव्हच्या काडीतही अँचोव्ही हा खारवलेला मासा असतो, तेव्हा ती पाहून फसू नये. बटाट्याचे जाड ऑम्लेट, मीठ लावून तळलेल्या गेर्निकाच्या कोवळ्या मिरच्या, इदियासाबाल नावाचे मेंढीच्या दुधाचे चीज आणि परतलेल्या अळंब्या एवढ्यावर अंडे खाणाऱ्या शाकाहारी माणसाचे उत्तम भागते, सईचे भागले. काउंटरपाशी उभे राहून दोन घास खायचे, पैसे द्यायचे आणि पुढच्या बारमध्ये जायचे, ही तिथली पद्धत आहे. रात्रीचे जेवण नऊच्या आधी मिळत नाही, त्यामुळे संध्याकाळी पोटाला काहीतरी आधार हवा.

दुपारच्या आत बसने बिल्बाओ गाठले. प्रवास सव्वा तासाच्या आसपासचा आहे आणि तिथले भूमिगत बसस्थानक सान मामेस मैदानाच्या अगदी शेजारी आहे. वरच्या जिन्याने बाहेर आलो तर समोर ते प्रचंड पांढरे मैदान उभे. सई काही बोलली नाही, फक्त फोन काढला.

बिल्बाओची मेट्रो वापरायची असेल तर बारिक कार्ड घ्यावे. एका कार्डावर दोघांना जाता येते आणि बाहेर पडतानाही ते लावावे लागते. त्या मेट्रोने आम्ही आधी आरेएता स्थानकावर, व्हिस्काया पूल पाहायला गेलो. १८९३ साली बांधलेला हा लोखंडी पूल नदीच्या मुखाशी आहे. जहाजांना अडथळा नको म्हणून वरचा आडवा सांगाडा पंचेचाळीस मीटर उंचावर ठेवला आहे, आणि त्याला पोलादी दोरांनी टांगलेला एक डबा माणसांना आणि मोटारींना घेऊन पाण्याच्या थोड्या वरून या काठावरून त्या काठावर जातो. युनेस्कोने २००६ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतले, पण आमच्याबरोबर त्या डब्यात भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या बायका होत्या आणि त्यांच्या दृष्टीने ती रोजची फेरी होती. हा सगळा परिसर एके काळी लोखंडाच्या खाणींचा आणि जहाजबांधणीचा होता. त्या धंद्यापायी इंग्रज खलाशी आणि तंत्रज्ञ इथे आले आणि त्यांनीच या शहराला फुटबॉल दिला. म्हणूनच इथल्या क्लबचे नाव स्पॅनिश वळणाचे नसून ‘अॅथलेटिक’ असे इंग्रजी आहे. हा क्लब आजही फक्त बास्क खेळाडूंना, म्हणजे तिथे जन्मलेल्या किंवा तिथल्या क्लबांत घडलेल्यांनाच खेळवतो आणि तरीही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधी खाली गेलेला नाही. परदेशी पैशावर परदेशी खेळाडू विकत घेणाऱ्या लीगमधून आलेल्या माणसाला हे ऐकून थोडे ओशाळल्यासारखे होते. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला मात्र ते ओळखीचेही वाटते, जरी आता तिथल्या तालमीही बाहेरून खेळाडू आणतात.

संध्याकाळी जुन्या शहरातल्या सात गल्ल्यांपैकी एका गल्लीत एका बारमध्ये शिरलो. भिंतीवर अॅथलेटिकच्या १९८४ च्या संघाचे छायाचित्र होते. मालक साठीचा, गोल चेहऱ्याचा, आणि त्याला कामापुरते इंग्रजी येत होते. सईच्या अंगातला पांढरा जर्सी पाहून त्याने तिच्यासमोर न मागता मिरच्यांची बशी ठेवली आणि म्हणाला, “उद्या तुम्ही जिंकायलाच हवं.” कारण उघड होते. अंतिम सामना आपल्या घरात आहे म्हणून सबंध शहराने वर्षभर स्वप्न पाहिले होते, आणि उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडने अॅथलेटिकला याच मैदानावर तीन-शून्य आणि मँचेस्टरमध्ये चार-एक असे हरवून त्या स्वप्नाचा चुराडा केला होता. “लग्न आमच्या मांडवात आणि नवरानवरी दोघंही परगावचे,” असे काहीसे तो म्हणाला असावा. निदान मी सईला मराठीत तसे सांगितले.

मग त्याने १९८४ ची गोष्ट काढली. त्या वर्षी अॅथलेटिकने लीग आणि राजाचा चषक दोन्ही जिंकले आणि संघ ‘गबारा’ नावाच्या एका जुन्या तराफ्यावर बसून नदीतून शहरात आला. तो तेव्हा विशीत होता. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये मायोर्काला पेनल्टींवर हरवून पुन्हा राजाचा चषक आला तोवर चाळीस वर्षे गेली होती. तराफा पुन्हा पाण्यात उतरवला गेला आणि नदीच्या दोन्ही काठांवर लाखो लोक उभे राहिले. त्याने फोनवर त्या दिवसाची चित्रफीत दाखवली. तिच्यात खेळाडू कमी आणि त्याचे रडणारे वडील जास्त होते. “चाळीस वर्षं,” तो बोटे उघडून दाखवत म्हणाला. मी म्हणालो, आमची एकेचाळीस. त्याने दोन पेले भरले, सईला संत्र्याचा रस दिला आणि त्या पेल्यांचे पैसे घेतले नाहीत.

बुधवार, २१ मे : सान मामेस

तिकिटे फोनवर असल्याने चार्जर आणि जादा बॅटरी सोबत हवीच. सकाळपासून नकाशे आणि छायाचित्रे यांत फोन अर्धा संपतो आणि मैदानात रेंजचा भरवसा नसतो. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सामान खोलीवरच ठेवावे.

दुपारी गुगेनहाइम संग्रहालयाच्या बाहेर फ्रँक गेरी यांच्या टायटॅनियमच्या वळणांखाली दोन्ही क्लबांचे लोक एकमेकांची छायाचित्रे काढून देत होते. फुलांनी झाकलेल्या भल्याथोरल्या कुत्र्याच्या शिल्पासमोर युनायटेडच्या जर्सीतले एक पंजाबी कुटुंब भेटले. त्यांच्या आजींनी माझ्याकडे पाहून हिंदीत विचारले, “बेटा, इस टीम के साथ क्यों हो?” मी म्हणालो, “मौसीजी, घर के पास है.” त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले.

संध्याकाळी मैदानाकडे जाणाऱ्या लिसेन्सियादो पोसा या रस्त्यावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना बारच बार आहेत आणि बिल्बाओचे लोक दर सामन्याला याच रस्त्याने जातात. रस्त्याच्या शेवटी घरांच्या चौकटीत मैदान अचानक उभे राहते. जुने सान मामेस १९१३ चे. ते पाडून त्याच्या अंगाखांद्यावरच २०१३ मध्ये नवे बांधले, पण लोक त्याला अजूनही ‘कॅथेड्रल’च म्हणतात. स्थानिक वेळेनुसार सामना रात्री नऊला सुरू झाला तेव्हा अजून उजेड होता.

सामना चांगला नव्हता हे मान्य करायला हवे. मॅडिसन, कुलुसेव्हस्की आणि बर्गव्हाल हे आमचे तिन्ही कल्पक मध्यरक्षक दुखापतींमुळे बाहेर होते, म्हणजे चेंडू पायात ठेवून खेळ रचणारा माणूसच उरला नव्हता. कर्णधार सॉन ह्युंग-मिन राखीव खेळाडूंत बसलेला होता. बेचाळिसाव्या मिनिटाला पापे सारने डावीकडून क्रॉस टाकला, गोलसमोर आमचा ब्रेनन जॉन्सन आणि युनायटेडचा ल्यूक शॉ यांची झोंबाझोंबी झाली, चेंडू शॉला लागला, जॉन्सनच्या बुटाचा निसटता स्पर्श झाला आणि तो कसाबसा, जवळजवळ लाजत, रेषेपलीकडे गेला. आमच्या जागेवरून नक्की काय घडले हे कोणालाच कळले नाही. शेजारचा धिप्पाड माणूस मला उचलून धरून विचारत होता, “कोणी मारला? कोणी मारला?”

त्यानंतरचा सबंध उत्तरार्ध म्हणजे बचाव. ज्या प्रशिक्षकाने दोन वर्षे बचावफळी पुढे ढकलली, नऊ खेळाडू उरलेले असतानाही जो मागे हटला नव्हता, त्याने त्या रात्री सगळे मागे बोलावले आणि शेवटी जॉन्सनला काढून दान्सो नावाचा आणखी एक बचावपटू आत पाठवला. संपूर्ण सामन्यात आमच्या संघाने गोलच्या दिशेने मोजून तीन प्रयत्न केले. मला त्या माणसाबद्दल खरा आदर वाटला तो इथे. आयुष्यभर ज्या पद्धतीचा पुरस्कार केला ती बाजूला ठेवून, जे मनुष्यबळ हाताशी आहे त्याने जिंकायचे, हे त्याच्यासारख्या हट्टी माणसाला किती जड गेले असेल याची कल्पना मला फ्रँकफुर्टपासून येऊ लागली होती.

अडुसष्टाव्या मिनिटाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युनायटेडची फ्री किक आली, व्हिकारियो पुढे झेपावला आणि चेंडू त्याच्या हातून निसटला. त्यांच्या हॉयलुंडने डोक्याने तो रिकाम्या गोलकडे ढकलला. चेंडूची गती मंद होती, म्हणूनच ते पाहणे असह्य होते. माझ्या डोळ्यांसमोर बरोबरी झालेलीच होती. तेवढ्यात व्हॅन डी व्हेन गोलकडे धावत आला, उसळला, आणि पाठीमागे झुकलेल्या शरीराने हवेत पाय उचलून चेंडू रेषेवरून बाहेर खेचला. खाली पडताना तो जाळीत शिरला. सईने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की नखांचे वण दुसऱ्या दिवशीही दिसत होते. त्याच्या किंचित आधी सॉन मैदानात उतरला होता, आणि तोही गोल करायला नव्हे, तर डाव्या बाजूला बचाव करायला.

भरपाईच्या वेळेत शॉचा हेडर व्हिकारियोने अडवला आणि शिट्टी झाली. २००८ नंतरचा पहिला चषक, १९८४ नंतरचा युरोपातला पहिला. २०१५ पासून या क्लबसाठी खेळणारा, २०१९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात माद्रिदमध्ये लिव्हरपूलकडून हरल्यावर रडलेला सॉन आता कोरियाचा झेंडा कमरेला गुंडाळून रडत होता. तिकडे युनायटेडची बाजू रिकामी होत चालली होती. ‘आजोबा’ कुठे आहेत ते शोधायचा प्रयत्न केला, पण सापडले नाहीत. सई मात्र अगदी शांतपणे म्हणाली, “बाबा, हे असं असतं होय.”

गुरुवार, २२ मे : परत

मध्यरात्रीनंतरच्या बसमध्ये जागा नव्हती आणि जागेचे कोणाला काही वाटतही नव्हते. पोसा रस्त्यावर पहाटेपर्यंत बार उघडे होते. बिल्बाओची पोरे आमच्या गाण्यांत आपले शब्द घालून गात होती, आणि कालच्या बारमालकाने आम्हाला पाहताच काउंटरवरून उडी मारायचा बाका प्रसंग ओढवून घेतला. पहाटेच्या पहिल्या बसने सान सेबास्तियानला आलो. घरमालकीणबाईंनी सामना पाहिला नव्हता, पण आमची तोंडे पाहून निकाल ओळखला आणि कॉफीबरोबर दोन उकडलेली अंडी पुढे केली. बोर्दोपर्यंतच्या गाडीत आम्ही दोघेही झोपलो. अशा सामन्याला जाणाऱ्याने परतीचे विमान शक्यतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळचेच घ्यावे.

शुक्रवार, २३ मे : घरची गर्दी

मिरवणूक एडमंटनहून निघून हाय रोडने मैदानापर्यंत येणार होती. आम्ही दुपारीच जाऊन उभे राहिलो तरी तिसऱ्या रांगेत होतो. लोक सिग्नलच्या खांबांवर, बसथांब्यांच्या छपरांवर, दुकानांच्या पाट्यांवर चढलेले. आमच्या जुन्या खोलीखालच्या तुर्की किराणा दुकानाच्या मालकाने कलिंगडाच्या फोडी फुकट वाटल्या. उघड्या बसच्या पुढच्या टोकाला सॉन चषक घेऊन उभा होता. मैदानाबाहेरच्या व्यासपीठावर पोस्टेकोग्लू माईकवर म्हणाले की चांगल्या मालिकांचा तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा सरस असतो, आणि रस्ता दणाणला. तारखेची आठवण मला तेव्हा झाली. २३ मे. ‘आजोबां’च्या त्या रात्रीला बरोबर एकेचाळीस वर्षे झाली होती.

रविवारी शेवटचा लीग सामना होता. ब्रायटनने आमच्याच घरी चार-एक असे हरवले आणि सतरावा क्रमांक पक्का झाला. मैदानावर कोणी शिव्या दिल्या नाहीत, पण माझ्यामागे बसणाऱ्या बाई तिसरा गोल झाल्यावर म्हणाल्या, “हे मी सप्टेंबरपासून बघतेय.” त्यांचे खरे होते.

६ जूनला, नेमणुकीला दोन वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, क्लबने पोस्टेकोग्लूंना निरोप दिला. सई त्या दिवसापासून धुमसते आहे. तिच्या मते ज्या माणसाने जे बोलला ते करून दाखवले त्याला काढणे हा कृतघ्नपणा आहे. माझे मत तितके सरळ नाही. बावीस पराभव हे केवळ दुखापतींचे फळ नव्हते, चुकाही होत्या, आणि त्या चषकाने पुसल्या जात नाहीत. पण निदान पाठीराख्यांना मैदानात टाळ्या वाजवून त्यांना निरोप देता यायला हवा होता, एवढे मीही तिच्याशी कबूल केले.

विजेत्याला पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये थेट जागा मिळते. २०२५-२६ च्या हंगामाची सोडत ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस निघणार होती. सईने त्याआधीच शहरांची यादी करून फ्रिजवर लावली होती. तुर्कीच्या गालातासरायशी गाठ पडली आणि तोही परगावचा सामना असला, तर इस्तंबूलला शेंगेन व्हिसा चालत नाही, मला तुर्कीचा वेगळा काढावा लागेल, हे मी त्या यादीखाली लिहून ठेवले होते.